मोठेपणाचे माप

जगातला सर्वांत मोठा बॉक्सर कोण, हा वाद धाडसारख्या गावातही रंगतो. विदर्भ आणि मराठवाड्याच्या शिवेवरचे हे गाव. बॉक्सिंगचे रिंगण इथल्या बहुतेकांनी पडद्यावरच पाहिलेले. तरी मुहम्मद अलींचे नाव निघाले की कुणीतरी ठामपणे म्हणतो, ‘अली से बडा कोई नै.’ दुसरा म्हणतो, नाचणे आणि बढाया मारणे याला काय मोठेपणा म्हणायचे? वाद करमणुकीचा वाटतो. पण माणसाला मोठा म्हणताना आपण त्याचे नेमके काय मोजतो, हा प्रश्न त्यात आहे आणि तो नीतीचा प्रश्न आहे.

आम्ही कुस्तीच्या मुलखातली माणसे. माप म्हटले की आम्हांला आधी वजन आठवते. १९६१ साली औरंगाबादला सुरू झालेल्या महाराष्ट्र केसरीची गदा धिप्पाड मल्लांच्याच खांद्यावर शोभत आली. पण स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधले पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी, १९५२ साली हेलसिंकीत, ५७ किलोंच्या गटात. चपळाई ही त्यांची मोठी पुंजी. गदेच्या मापाने पाहिले तर खाशाबा हिशेबातच येत नाहीत. म्हणजे यादी मांडणाऱ्याने आधी आपले माप सांगायला हवे.

आकड्यांचे माप घ्या. जो लुई यांनी १९३७ ते १९४९ एवढा काळ हेवीवेट विजेतेपद सांभाळले आणि पंचवीस वेळा आव्हान परतवले. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाले. अली ६१ लढती खेळले आणि पाच हरले. निव्वळ आकड्यांवर त्यांना पहिले आसन मिळत नाही.

मग वेगाचे माप? तिथे अलींची बाजू भक्कम आहे. हेवीवेटमध्ये असे नाचरे पाय क्वचितच कुणी पाहिले होते. हात कमरेपाशी, ठोसा आला की मान मागे. नवशिक्याने असे केले तर वस्ताद कान धरील. अलींना ते वेगामुळे पचत होते. १९६४ मध्ये त्यांनी सनी लिस्टन यांना हरवले आणि मार्च १९६७ पर्यंत २९ लढतींत एकही पराभव पाहिला नाही. पण वेग ही देणगी आहे. देणगीचे कौतुक करावे. श्रेय द्यायचे ते कमाईचे.

हा फरक नसीम हमीद यांच्याकडे पाहून कळतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे, यमनी आईबापांचे हे पोर दोरावरून कोलांटी घेत रिंगणात उतरायचे. १९९५ मध्ये ते फेदरवेट विजेते झाले. त्यांचे ठोसे कुठून येतील याचा अंदाज लागत नसे. ७ एप्रिल २००१ रोजी लास वेगासला मेक्सिकोच्या मार्को अँटोनियो बरेरा यांनी कसलाही थाट न करता, शिस्तीत त्यांना गुणांवर हरवले. त्यानंतर नसीम एकच लढत खेळले, २००२ मध्ये. ३७ पैकी ३६ विजय, आकडा देखणा आहे. पण हरल्यावर हा माणूस काय करू शकला असता, हे जगाला पाहायला मिळाले नाही.

अलींच्या बाबतीत ते पाहायला मिळाले. २८ एप्रिल १९६७ रोजी त्यांनी व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिला. किताब गेला, पाच वर्षांची शिक्षा झाली. तुरुंग टळला, पण ऐन पंचविशीतली साडेतीन वर्षे रिंगणाबाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयाने जून १९७१ मध्ये शिक्षा रद्द केली. गेलेला वेग कोणते न्यायालय परत देणार? त्याच वर्षी मार्चमध्ये जो फ्रेझियर यांच्याकडून ते पहिल्यांदा हरले. ऑक्टोबर १९७४ मध्ये किन्शासाला समोर पंचवीस वर्षांचे, ४० लढतींत अजिंक्य असलेले जॉर्ज फोरमन होते, अली बत्तिशीचे. दोरांना टेकून ते मार सोसत राहिले, फोरमनना दमू दिले आणि आठव्या फेरीत आडवे केले. ही कमाई.

आता अवघड भाग. अलींच्या बढाईने वर्णद्वेष सोसणाऱ्या समाजाला ताठ मानेने बोलायला शिकवले, हे खरे. पण तीच जीभ फ्रेझियरवरही चालली. बंदीच्या काळात ज्यांनी अलींच्या परवान्यासाठी शब्द टाकला, त्या काळ्या माणसालाच अलींनी गोरिला म्हणून हिणवले. २००१ मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली. जखम मात्र फ्रेझियरनी फार वर्षे वागवली. शिवाय १९७६ ची केन नॉर्टन यांच्याविरुद्धची लढत अलींनी खरोखर जिंकली का, याबद्दल जाणकारांत अजून मतभेद आहेत.

हे आपण बोलत नाही, कारण अली ‘आपले’ आहेत. साक्ष आपल्या माणसाविरुद्ध जात असली तरी खरीच द्यावी, ही शिकवण आम्हांला लहानपणापासून मिळाली. आपल्या माणसांचे मोजमाप करताना दुसऱ्यांनी दुजाभाव करू नये, अशी आपली रास्त अपेक्षा असते. मग आपल्या हातातला तराजूही सरळ हवा. ‘आपला म्हणून पहिला’ म्हणणारा, ‘त्यांचा म्हणून दुय्यम’ म्हणणाऱ्याला कोणत्या तोंडाने जाब विचारणार?

आमचे मत विचाराल तर सर्व वजनांत मिळून पहिले आसन शुगर रे रॉबिन्सन यांचे. खुद्द अली त्यांना आदर्श मानत. हेवीवेटमध्ये अलींना आम्ही जो लुईंच्या बरोबरीने बसवू, आणि ते १९६७ नंतरच्या अलींसाठी. वेग होता तेव्हा ते देखणे होते. वेग ओसरल्यावर ते मोठे झाले.

हे माप घराघरांतही लावता येईल. वर्गात चटकन उत्तर देणारे पोर, सभेत टाळ्या घेणारा वक्ता, मुशायरा लुटणारा तरुण कवी यांना आपण एका दिवसात डोक्यावर घेतो आणि पहिल्या अपयशानंतर ओळखही दाखवत नाही. त्यांना मोठे ठरवायची घाई करू नये. पण पडल्यावर उठायला जो वेळ लागतो, तेवढा वेळ त्यांच्याजवळ उभे राहावे. एखाद्याचा मोठेपणा नेमका तेव्हाच घडत असतो.