नाही म्हणणारा वस्तरा

दाढी आपली असली तरी ती कशाने करावी, हे ठरवायचा अधिकार मेहुण्याचा असतो, हे मला गेल्या दिवाळीत कळलं. आमचे मेहुणे भाऊबीजेला देऊळगाव राजाला आले ते बहिणीला साडी आणि मला विजेचं दाढीचं यंत्र घेऊन. ‘‘दाजी, पाणी नको, साबण नको, तुरटी नको!’’ उन्हाळाभर नळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसाला यातलं पहिलंच वाक्य पुरेसं होतं.

यंत्र मोठं सज्जन. जेकब शिक या निवृत्त अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने 1930 च्या सुमारास अशा यंत्रांची सुरुवात केली. माझ्या यंत्रात भोकाभोकांच्या पातळ पत्र्याआड पाती फिरतात, त्यामुळे कापायची भीतीच नाही. हात थरथरणाऱ्यांना तर वरदानच.

तरी जुनी सवय म्हणून एकदा कटिंगच्या दुकानात गेलो. मामांनी ब्लेड मोडून अर्धं वस्तऱ्यात बसवलं, फेस केला आणि हनुवटीवरचा केसतोड पाहून वस्तरा खाली ठेवला.

‘‘आज नाही साहेब. चिघळंल.’’

दुसऱ्या दिवशी बँकेत तपासणी. मी चिडून घरी आलो आणि यंत्र फिरवलं. ते बिचारं काही बोललं नाही. पुढचे चार दिवस मी तोंडाला फडकं बांधून नोटा मोजत होतो. गिऱ्हाईक दारातच थबकायचं.

तेव्हापासून एक प्रश्न छळतो : निमूट ऐकणं हा गुण यंत्राचा, की माणसाचाही?

आपल्याकडे वस्तऱ्याने एकदा फार मोठं ‘नाही’ म्हटलं आहे. 1890 साली मुंबईत गिरणी कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी नाभिकांची सभा भरवली आणि विधवांचं केशवपन करणार नाही, असं त्या मंडळींनी ठरवलं. हातावर पोट असलेली माणसं ती. रूढी सांगणारे शास्त्री पुष्कळ होते, पण वस्तरा यांच्या हातात होता. तिथे विजेचं यंत्र असतं, तर बटण दाबणारा कोणीही चालला असता.

आणि मी? मागे पेन्शन घ्यायला आलेल्या एका म्हातारीच्या खात्यातून विम्याचा हप्ता वळता करायचा कागद माझ्यापुढे आला. वरून आकडा पुरा करायचा हुकूम होता. तिने अंगठा उठवला होता. तिला काही कळलेलं नाही, हे मला कळलं होतं. मी शिक्का मारला. कुठे कापलं नाही, खरचटलं नाही. एकदम गुळगुळीत काम!

हल्ली मी पुन्हा मामांकडे जातो. यंत्र कपाटात आहे. मेहुणे आले की बाहेर निघतं. मार्च जवळ आलाय, तसले कागद पुन्हा येतील. तेव्हा ‘‘आज नाही साहेब’’ एवढे तीन शब्द तोंडातून निघतात का, बघायचं. तूर्त सराव म्हणून यंत्राला नाही म्हणतोय.