छावणीबाहेरील बंधु

वाचावयाचा भाग : लेवीय 14:1–9



बीड जिल्ह्यांतील एका लहान मंडळींत तापखोकल्याची सांथ होती. म्हणून प्रभुभोजनाच्या दिवशीं आम्हीं सर्वांनीं ओठ लावावयाचा एक प्याला बाजूस ठेवून प्रत्येकास निराळ्या पेलींत द्राक्षरस दिला, व आजाऱ्यांनीं घरीं रहावें असा निरोप पाठविला. उपासना संपल्यावर एक वृद्ध बाई पदरानें डोळे पुशीत म्हणाल्या, “पाळकसाहेब, प्रभूच्या प्याल्यानें का रोग लागतो? आणि माझ्या लेकाला घरीं बसविलें, त्याला प्रभुभोजन कोणीं नेलें?”

पहिल्या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ होतें; दुसऱ्याचें नव्हतें.

पहिला प्रश्न घेऊं. प्रभूची कृपा विश्वासानें मिळते, प्याल्याच्या कांठानें नव्हे. कांठावर राहतो तो एकाच्या ओठांचा ओलावा, आणि तोच दुसऱ्याच्या ओठांस लागतो. आमचे रोमन कॅथलिक बंधु बाह्य विधींस फार जपतात असें आम्ही म्हणत आलों. पण कोरोनाच्या काळीं त्यांनींच आम्हांस धडा घालून दिला. 25 मार्च 2020 रोजीं रोमहून आज्ञापत्र निघालें कीं, पवित्र गुरुवारीं पाय धुण्याचा विधि गाळावा, आणि उत्तम शुक्रवारीं क्रुसाचें चुंबन केवळ विधि चालविणाऱ्या धर्मगुरूनेंच घ्यावें. 2021 सालीं राखेच्या बुधवाराकरितां असें ठरलें कीं, धर्मगुरूनें विधीचे शब्द सर्वांस उद्देशून एकदांच म्हणावे, हात धुवावे, तोंडावर पट्टी बांधावी, आणि मुकाट्यानें प्रत्येकाच्या डोक्यावर राख टाकावी. क्रुसावरील त्यांचें प्रेम आटलें होतें काय? मुळींच नाहीं. शेजाऱ्यास जपणें हाहि त्या प्रेमाचाच भाग आहे, हें त्यांनीं ओळखिलें.

आतां दुसरा प्रश्न. 2020 सालीं 12 एप्रिलला पुनरुत्थानाचा सण आला, तेव्हां आमच्या जिल्ह्यांतील हजारों ऊसतोड मजूर परमुलखांत कारखान्यांजवळच्या कोप्यांत अडकून पडले होते. त्या महिन्यांत परतण्याची परवानगी मिळाली, तरी गांवीं आल्यावरहि पुष्कळांस कांहीं दिवस वेगळें रहावें लागलें. छावणीबाहेर राहणें म्हणजे काय, हें लेवीयाचें पुस्तक न वाचतांच त्यांस कळलें.

पण त्या पुस्तकांतील एक गोष्ट आमच्या नजरेंतून निसटते. रोग्यानें छावणीबाहेर रहावें असा नियम 13 व्या अध्यायांत आहे खरा. परंतु 14 व्या अध्यायांत याजकानें स्वतः छावणीबाहेर त्याजकडे जावें असें सांगितलें आहे. अंतर राखण्याची आज्ञा रोग्यास होती, तशी वाट चालण्याची आज्ञा याजकास होती. 1576 सालीं मिलान शहरांत प्लेग झाला तेव्हां आर्चबिशप कार्लो बोर्रोमेओ यांनीं चव्हाट्यांवर वेद्या मांडविल्या, कीं घरांत कोंडलेल्या लोकांस खिडकींतून उपासना दिसावी. लोकांस देवळांत येतां येईना, म्हणून उपासनाच त्यांच्या दारीं गेली.

आम्हीं मात्र नियमाचा अर्धाच भाग पाळिला. निरोप पाठविला, पण पाऊल उचललें नाहीं. त्या मातेचे अश्रु प्याल्यासाठीं थोडे आणि लेकासाठीं फार होते. त्याच सायंकाळीं आम्ही तिच्या दारीं गेलों. अंगणांत, थोडें अंतर ठेवून, प्रार्थना केली, व त्या बंधूस भाकर आणि पेली दिली.

म्हणून, प्रियांनो, सांथीच्या दिवसांत पेल्या निराळ्या असोत, वाढणाऱ्याचे हात धुतलेले असोत, देवळाच्या खिडक्या उघड्या असोत. ज्यास ताप आहे त्यानें संकोच न धरितां घरीं रहावें. पण ज्या दिवशीं कोणाची जागा रिकामी दिसेल, त्याच दिवशीं सूर्य मावळण्यापूर्वीं मंडळींतील कोणीतरी त्याच्या दारीं उभें असावें. नाहींतर आमची सावधगिरी ही प्रीति नव्हे, केवळ भीति ठरेल.

जो आपण होऊन छावणीबाहेर गेला, तो प्रभु आम्हांस ती वाट चालण्याचें बळ देवो. आमेन.