बक्षीस, कृपा आणि शिक्षक

मुलाला शिकवावे कसे, या प्रश्नाचे एक सरळ उत्तर गेल्या शतकात पुढे आले. कोणतीही कृती टिकते की गळते, हे तिच्या पाठोपाठ येणाऱ्या फळावर अवलंबून असते. फळ गोड आले की कृती पुन्हा घडते, फळच आले नाही की ती हळूहळू विझते. थॉर्नडाइक यांनी १९११ च्या ग्रंथात मांडलेला हा नियम पुढे स्किनर यांनी उंदीर व कबुतरे यांच्यावर बारकाईने ताडून पाहिला, आणि १९६८ मध्ये त्याच्या व्यवहारी शाखेचे स्वतंत्र नियतकालिक अमेरिकेत निघाले. तिलाच उपयोजित वर्तनविश्लेषण म्हणतात. स्वमग्न मुलांना बोलावयास, जेवावयास, कपडे घालावयास शिकविताना आज तिचा आधार पुष्कळ ठिकाणी घेतला जातो. ज्याची ख्रिस्तावर श्रद्धा आहे अशा शिक्षकाने ही विद्या हाती धरावी काय, हा आमचा प्रश्न आहे.

मनुष्य हा आत्मा आहे, कबुतर नव्हे, असे म्हणून कित्येक श्रद्धावंत येथेच पाठ फिरवितात. हा आक्षेप आम्हांस आळशी वाटतो. स्वायत्त मनुष्य ही कल्पनाच टाकून द्यावी, असे स्किनर यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात प्रतिपादिले, हे खरे. परंतु पद्धत घेतली म्हणून ते तत्त्वज्ञानही घ्यावेच लागते, असे नाही. वैद्य नाडी मोजतो, तेवढ्याने तो आत्मा नाकारीत नाही. (थॉर्नडाइक हे एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव, आणि पाव्हलॉव्ह हे रशियन धर्मगुरूचे. या विद्येचा पाळणा देवघरापासून फारसा दूर हलला नव्हता.) शिवाय या विद्येच्या अगोदर शिक्षकाच्या हाती काय होते, याची आठवण ठेवावी. पंतोजी असो की पाद्री, छडीवर दोघांचाही भरवसा होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने ती हातातून काढून घेतली, हे योग्यच झाले. पण रिकाम्या झालेल्या त्या हाताला काहीतरी करता यावयास हवे.

खरी अडचण बक्षिसाची आहे. दक्षिण कोकणात ती विशेष चांगली दिसते. कर्ली नदीच्या बाजूला वालावल हे गाव आहे. तेथले लक्ष्मीनारायणाचे देऊळ व त्याशेजारचे तळे पाहिलेला मनुष्य ते सहसा विसरत नाही. या मुलुखातल्या देवळांतून गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. एकजण गावाच्या वतीने एकेक मागणे उच्चारतो आणि मंडळी ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. नवस बोलला जातो, आणि फळला की फेडला जातो. किनाऱ्यावरचा ख्रिस्ती मनुष्यही सायबिणीला मेणबत्ती बोलतो. देव आणि भक्त यांच्यातला हा देण्याघेण्याचा करार उघड आहे, व त्याची कोणास लाज वाटत नाही. तेव्हा ‘हे केलेस तर ते मिळेल’ ही भाषा मुलाच्या कानी शाळेच्या पुष्कळ आधी पडलेली असते.

या भाषेला ख्रिस्ताने मोठा धक्का दिला आहे. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा धनी शेवटच्या तासाला आलेल्या मजुरासही दिवसभर राबलेल्याइतकीच मजुरी देतो. वर्तनविश्लेषकाच्या हिशेबाने त्या धन्याने आपले मजूर बिघडविले. उद्या पहाटे कामावर यावयाचे कोणी? आणि गंमत अशी की, गुप्तपणे दान करणाऱ्याला पिता फळ देईल, असे सांगणाराही हाच गुरू आहे. बक्षिसाचा शब्द शास्त्रातून पुसता येत नाही. मात्र जवळ घेणे हे बक्षीस नव्हे, एवढे त्या दृष्टान्तातून ठाम निघते.

महाराष्ट्रात या भेदाला एक दुखरा इतिहास आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन काढले व पुढच्याच वर्षी ते पुण्यास नेले. तेथील काही मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झुकत असल्याचे १८९३ मध्ये गाजले, तेव्हा रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पुष्कळ पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. ही माया म्हणजे आमिष आहे, असा आरोपाचा रोख होता. तो बाईंच्या बाबतीत न्याय्य होता असे आम्हांस वाटत नाही. परंतु आरोपामागचे तत्त्व बिनतोड आहे. पुढे १८९६–९७ च्या दुष्काळातल्या शेकडो मुली केडगावच्या आश्रयाला आल्या. अशा उपाशी मुलीपुढे ठेवलेली भाकरी कशाच्याही बदल्यात असेल, तर ती दया उरत नाही, हे टीकाकार व सेविका या दोघांनाही मान्य व्हावे.

वर्गातही रेघ येथेच ओढली पाहिजे. शाबासकी, चिकटवावयाची चांदणी, आवडीचा खेळ ही खुशाल अटीवर द्यावी. अन्न, पाणी, विसावा आणि दारात आल्याबरोबरचे स्वागत यांना अट नसावी. तसेच, कोणती सवय मोडावयाची हेही विचारून घ्यावे. मूल हात फडफडविते, तेव्हा त्रास पुष्कळदा पाहणाऱ्यालाच होत असतो. लोव्हास यांनी १९६० नंतरच्या दशकात स्वमग्न मुलांवर विजेचे झटकेही वापरले. लहानपणी असे ‘सुधारले’ गेलेले कित्येक आज प्रौढपणी तक्रार करतात, आणि ती ऐकण्याजोगी आहे.

सर्वांत कठीण प्रकार राहिला, तो लक्ष काढून घेण्याचा. लक्ष वेधण्यासाठी मूल किंचाळते, तर तिकडे पाहू नये, असे ग्रंथ सांगतात. किंचाळणे हीच ज्याची भाषा, त्याच्याकडे पाठ फिरविणे श्रद्धावंत शिक्षकाला जड जाणारच. पण याच विद्येने येथे एक अनपेक्षित शोध लावला. व्होल्मर व त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये असे दाखविले की, लक्ष वेधण्यासाठी स्वतःला इजा करून घेणाऱ्यांना वागणुकीचा विचार न करता, ठराविक वेळाने, फुकट लक्ष दिले, तर इजा करणे कमी होते. द्राक्षमळ्याचा धनी हिशेबातही अगदीच चुकला नव्हता म्हणावयाचा!

येथेच समेट झाला असे मानण्याचा मोह होतो. आम्हांस तो पुरता पटत नाही. उपयोग होतो म्हणून दिलेले लक्ष हे पुन्हा साधनच झाले. कोष्टकात आकडे उतरले नाहीत, तर ते थांबवावे लागेल. एखाद्या मुलाचे आकडे उतरतच नाहीत. तीन महिने झाले, सहा झाले, वहीतली रेघ जशीच्या तशी. अशा वेळी कोणती रीत बदलावयाची, हे वर्तनविश्लेषणास विचारावे, व ते सांगेल तसे प्रामाणिकपणे करावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल दारात आले म्हणजे त्याला नावाने हाक मारावयाची की नाही, हे मात्र त्याला विचारू नये.