सामर्थ्य आणि मात्रा

एका गृहस्थाच्या वृद्ध मातेला रात्रीतून दोन वेळा औषध द्यावे लागे. उशाशी एक लहान विजेरी असे. तीन बारीक सेलांची, मागील झाकणात कळ असलेली. ती लावताच खोली लख्ख उजळे, मातेची मोडलेली झोप पहाटेपर्यंत पुन्हा लागत नसे, आणि विजेरी मालवल्यावर पुत्रालाही काही काळ दार दिसत नसे. अंधाराला सरावताना डोळ्याच्या पडद्यात जे द्रव्य अर्ध्या तासात हळूहळू भरून येते, ते तीव्र प्रकाशाने क्षणात विरते. दिसावे म्हणून लावलेल्या प्रकाशानेच दिसेनासे होई.

गृहस्थाने प्रथम काचेवर तळहात धरला. बोटांतून लालसर उजेड पाझरे व काम भागे. परंतु सेल पूर्वीच्याच वेगाने संपत. मग त्याने क्षीण झालेले जुने सेल घालून पाहिले. प्रकाश मंद झाला खरा; पण एका रात्री मातेला अकस्मात धाप लागली, आणि कपाटातील दोन सारख्या बाटल्यांपैकी हवी ती कोणती हे त्या उजेडात वाचता येईना.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो विजेरीपुरता नाही. सामर्थ्य आवरून धरणे आणि सामर्थ्य नसणे ही दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात. ज्याच्या मुखातून कठोर शब्द निघत नाही तो क्षमाशील की दुर्बल, हे कशावरून ठरवावे? क्षीण सेलांच्या उजेडाला कोणी संयम म्हणणार नाही. प्रसंगी जो पूर्ण प्रज्वलित होऊ शकत नाही, त्याचे मंद असणे हा गुण नव्हे. ती केवळ अवस्था होय. उतारवयात आपोआप आलेल्या निरिच्छतेचा कित्येक सज्जन अभिमान बाळगतात. त्यांनी हे सेल आठवावेत.

तळहाताचे उदाहरण अधिक सूक्ष्म आहे. तेथे सामर्थ्य आहे, आवरणेही आहे; पण आत प्रवाह पूर्ण वेगाने वाहत असून हात केवळ मुखावर आहे. कर्मेंद्रिये रोखून मनाने विषयांचे स्मरण करीत बसणाऱ्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात मिथ्याचारी म्हटले आहे. मातेच्या झोपेसाठी धरलेल्या हाताला तो शब्द लावणे अन्यायाचे होईल, कारण हेतू शुद्ध होता. तथापि राग गिळून आतल्या आत जळत राहणाऱ्याची शक्तीही अशीच व्यर्थ खर्च होते, आणि जगाला तो शांत दिसतो.

अखेरीस त्याने मागील झाकण उघडून कळेच्या दोन टोकांमध्ये १,००० ओहमचा, तांदळाच्या दाण्याएवढा एक रोधक डाख देऊन जोडला. कळ दाबलेली असता वीज रोधकाला वगळून सरळ जाते व प्रकाश पूर्वीइतकाच मिळतो. कळ सोडली की तिला रोधकातूनच जावे लागते. तीन सेलांचे मिळून ४.५ व्होल्ट. त्यांतील सुमारे २.७ पांढऱ्या एलईडी दिव्याला लागतात, उरलेले १.८ रोधकावर पडतात, आणि प्रवाह २ मिलिअँपिअरहूनही कमी राहतो. पूर्ण प्रकाशात काही तासांत संपणारे सेल अशा उजेडात कित्येक दिवस पुरतात. डोळा प्रकाश गुणोत्तराने जोखतो. त्यामुळे शंभरावा हिस्सा प्रकाशही सरावलेल्या दृष्टीला पेला नि चमचा दाखवण्यास पुरतो.

यावर पूर्वपक्षी म्हणेल की, कारागिराने पूर्ण प्रकाशासाठी घडवलेली वस्तू बिघडवली. शिवाय रोधक स्वतःही शक्ती खातोच. दुसरा आक्षेप खरा आहे. मंद उजेडाच्या वेळी पाच हिश्शांपैकी दोन हिस्से शक्ती रोधकात उष्णता होऊन जाते. निग्रहाला त्याचे स्वतःचे मोल पडते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र पहिला आक्षेप टिकत नाही. पूर्ण प्रकाश कोठेही गेलेला नाही. तो एका बोटाच्या दाबावर आहे, आणि म्हणूनच त्या मंदपणाला संयम म्हणता येते. 'मात्रा' हा शब्द मोजणे या अर्थाच्या 'मा' धातूपासून आला. वैद्य औषधाच्या प्रमाणालाही हाच शब्द योजतो. रोज रात्री औषधाची मात्रा थेंब मोजून देणाऱ्या पुत्राला प्रकाशाचीही मात्रा असते हे इतक्या उशिरा सुचावे, ही मौजच म्हणावयाची.

एक उणीव मात्र राहिली. ही विजेरी आता कळेने पूर्ण विझत नाही. त्यासाठी मागील झाकण अर्धा फेरा सैल करावे लागते. गृहस्थ दिवसा ते करावयास विसरे व सेल उगाच झिजत. ही रचना काढून वेगळी कळ बसवावी असे त्याने मातेला बोलून दाखवले. ती म्हणाली, "राहू दे रे. रात्री जाग आली म्हणजे तो ठिपका दिसतो, आणि मी कुठे आहे ते कळतं."