उसनी लेखणी

आमच्या सीमाभागात कचेरीबाहेर बसून कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारे असतात. मराठी माणूस गाऱ्हाणे सांगतो, ते उतरवतात, चार पैसे घेतात. यात मला गैर वाटत नाही. अक्षर परक्याचे असले, तरी गाऱ्हाणे ज्याचे त्याचेच असते.

मग नैरोबीचा बेकार पदवीधर इंग्लंडमधल्या विद्यार्थ्याचा निबंध पैसे घेऊन लिहितो, त्यात वेगळे काय? वेगळे इतकेच, की इथे विचारच विकत घेतला जातो. प्राध्यापकाला त्या निबंधाची गरज नसते. तो लिहिताना होणारी बुद्धीची मशागत त्याला हवी असते. ती होते नैरोबीत, पदवी मात्र मिळते इंग्लंडात!

ऑस्ट्रेलियाने २०२० मध्ये आणि इंग्लंडने २०२२ मध्ये हा धंदा गुन्हा ठरवला. कायद्याचा बडगा विकणाऱ्यावर आहे. घेणारा विद्यापीठाच्या नियमांवर सोडला आहे. पोटासाठी लिहिणाऱ्याला दोष देताना माझी जीभ अडखळते. घेणाऱ्याच्या बाबतीत ती अडखळत नाही. कारण उद्या त्याच्या पदवीवर विसंबून कुणीतरी आपले दुखणे त्याच्यापुढे मांडील, आणि त्या वेळी नैरोबीचा तो तरुण शेजारी बसलेला नसेल.