उभा संच

गीतेचा चौथा अध्याय कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहायला सांगतो. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात कैद्यांपुढे ते उलगडलं. मला मात्र ते कोयना वीजप्रकल्पाच्या कंट्रोल रूममध्ये, लोड फॅक्टरच्या तक्त्यात उमगलं.

लोड फॅक्टर म्हणजे सरासरी भार भागिले कमाल भार. दिवसाची सरासरी मागणी 60 आणि संध्याकाळी सातची 100, तर लोड फॅक्टर 60 टक्के. वरच्या चाळिसासाठी यंत्रं उभारायची आणि बराच वेळ गप्प ठेवायची. कोयनेच्या चौथ्या टप्प्यातले वीजनिर्मितीचे 250 मेगावॅटचे चार संच याच कामाचे. थंड पडलेल्या औष्णिक संचाला तयार व्हायला कित्येक तास लागतात. हे मिनिटांत भार घेतात. शिवाय कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेकडे वळवायला वर्षाला 67.5 टीएमसीच पाणी दिलंय. त्यावरचे सगळे संच रात्रंदिवस चालवायला पाणी आणणार कुठून? उलट धरणाच्या पायथ्याचे 20 मेगावॅटचे दोन छोटे संच बघा. उन्हाळ्यात कराड-सांगलीकडे शेतीसाठी पाणी सुटलं की ते दिवसरात्र फिरतात. मग मोठा कोण?

गप्प उभा संचही काम करतच असतो, हे सांगलीत आमच्या गीतेच्या वर्गात सांगितलं, तर एक निवृत्त मास्तर म्हणाले, "म्हणजे उद्या आळशी माणूसही म्हणेल, मी उभा संच आहे!"

आक्षेप खरा आहे. लॉगशीटवर बिघडलेल्या आणि उभ्या संचाचं उत्पादन सारखंच, शून्य. पण एकापुढे 'आउटेज' लिहितात, दुसऱ्यापुढे 'रिझर्व्ह'. रिझर्व्हमधल्या संचाचं तेल तपासलेलं असतं, वेग सांभाळणारा गव्हर्नर तयार असतो, शिफ्टवाला जागा असतो. कधी फिरायचं हे मात्र तो ठरवत नाही, कळव्याच्या भार प्रेषण केंद्रातून फोन येतो. कधी आठ तासांत येतच नाही. तेव्हा "आज काहीच केलं नाही" म्हणून हळहळणारा माणूस, माझ्या मते, फळात अडकलेला. आणि फोन येणारच नाही म्हणून तेल न बघणारा नुसता आळशी. मास्तरांना एवढं पटलं.

त्या फोनमागे आपलीच विजेची मागणी असते. म्हणून विनंती: इस्त्री, गीझर, कपड्यांचं मशीन संध्याकाळी सात ते दहा लावू नका. वीज करायला पश्चिमेला पोफळीकडे उतरलेलं पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं, ते सांगलीच्या उसाला मिळत नाही.