'उल्लंघन' आणि त्याचा कर्ता

इंग्रजी विधिभाषेतील 'काँट्राव्हीन' या क्रियापदाचा लॅटिन मूलार्थ 'विरुद्ध येणे' असा आहे. मराठीत त्याच्या जागी 'उल्लंघन करणे' योजले जाते आणि त्यासरशी ओलांडून जाण्याची निराळीच प्रतिमा अवतरते. ओलांडलेले कुंपण शाबूत राहते. मोडलेले राहत नाही. शिवाय 'मोडणे' सकर्मक तसेच अकर्मकही आहे : कोणी नियम मोडतो, तसा नियम आपणहूनही मोडतो. 'उल्लंघन' मात्र कर्ता मागते आणि सापडलेल्या कर्त्यावर दोष ठेवते. दसऱ्याचे सीमोल्लंघन तेवढे शुभ मानले जाते. म्हणजे दोष ओलांडण्यात नसून सीमा कोणाची, यात आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांनी कोणताही कायदा ओलांडला नव्हता. नगरपालिकेने ते तळे १९२४ मध्येच अस्पृश्यांना खुले केले होते. तरीही रूढीने त्यांनाच अपराधी ठरविले. उल्लंघनाचा आरोप कृतीचे वर्णन करण्याआधी आरोपकर्त्याला मान्य असलेली अधिसत्ता उघड करतो, तो असा.

जामखेडचे उदाहरण हा कर्ताच बदलून टाकते. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांसाठी कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत येतील, असे पाहण्यात आले. पाण्यासाठी सवर्ण स्त्रियांनाच वस्तीची वेस ओलांडावी लागली. येथे रूढीचे उल्लंघन झाले ते तिच्या लाभधारकांकडून. दोष कोणाला द्यावा, हे रूढीला सांगता येईना.

परंतु गरजेपोटी ओलांडलेला नियम मोडला, असे म्हणता येईल काय? हंडा घेऊन वस्तीत येणारे पाऊल हंडा भरताच परत फिरते. कुंपण तसेच राहू शकते. याच तालुक्यातील खर्डा येथे २०१४ मध्ये एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली, तेव्हा कोणत्याही कायद्यात नसलेल्या सीमेचे रक्षण अद्याप होत असल्याचे महाराष्ट्राला दिसले. कूपनलिकेचे मोल त्यामुळे उणावत नाही. नित्याच्या ओलांडण्याने कुंपण झिजते. मात्र झिजणे म्हणजे मोडणे नव्हे. ओलांडणाऱ्याला आपण काय ओलांडले हे उमगते आणि परतल्यावर ती सीमा पुन्हा आखण्यास तो नकार देतो, तेव्हाच उल्लंघनाचे नैतिक कृतीत रूपांतर होते. तो नकार कोणतीही योजना त्याच्या वतीने देऊ शकत नाही.